रामवाडीचे ढेकर

रोह्याच्या बाजारात लतीफभाईंचं भुसाराचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा त्यांचा आवाज जास्त चालायचा. समोरच्या दुकानाची पायरी चढलेलं गिऱ्हाईक ते गादीवरून न उठता नुसत्या बोलण्यावर ओढून आणत. मग घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं, मानेत श्वासापुरतं भोक राहिलं आणि त्यावर जाळीचं फडकं आलं. जीव वाचला. बोलणं गेलं. मित्रमंडळी भेटायला यायची, मोठमोठ्यानं बोलायची, जणू कान गेलेत, आणि चहा संपायच्या आत उठायची.

अशात धाकट्या मुलीचा, रिझवानाचा निकाह ठरला, मुरूडच्या अफानशी. निकाहात मुलीच्या वकिलानं, म्हणजे तिच्या वतीनं बोलणाऱ्या घरच्या माणसानं, दोन साक्षीदार घेऊन तिच्यापुढे जायचं, नवऱ्याचं नाव आणि मेहेरची रक्कम सांगून संमती विचारायची, आणि ती काझींना येऊन कळवायची, ही रीत. थोरलीच्या वेळी लतीफभाईंनी ती अशी खणखणीत विचारली होती, की शेजारची आळीसुद्धा हो म्हणाली असती. या वेळी दुबईहून आलेला भाऊ तमीम म्हणाला, "भाईजान, वकील मी होतो. तुम्ही आरामात बसा." सोबत त्यानं गळ्याला लावून बोलायचं यंत्रही आणलं होतं. लतीफभाईंनी ते दुकानासाठी ठेवून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, 'पोरीला विचारीन ते माझ्या तोंडानं. नाहीतर तू विचार.'

तपासणीच्या वेळी इस्पितळातल्या सिस्टरनं पेणचा एक पत्ता दिला होता: रामवाडी, कमळाकर म्हात्रे, दर रविवारी. स्वरयंत्र काढलेली माणसं तिथं जमतात म्हणे. हाजराबींनी नवऱ्याला एसटीत बसवून तिकडे नेलं.

पडवीत पाचसहा जण बसले होते. प्रत्येकाच्या मानेवर तसंच फडकं, हातात सोड्याची बाटली, आणि सगळे एकाग्र चित्तानं ढेकर देत होते. लतीफभाईंच्या घरी जेवताना ढेकर आला तर माणूस उठून बाहेर जायचा. ते उंबऱ्यावरूनच वळले. कमळाकरनं त्यांचा हात धरला. पूर्वी मिठागरावर मुकादम होता, पकड अजून तशीच.

"बसा," तो म्हणाला. आवाज खडीवरून पोतं ओढल्यासारखा, पण शब्द स्वच्छ. "तोंडानं हवा गिळायची, अन्ननळीतून वर आणायची, तिचाच शब्द करायचा. हितं ढेकराची लाज नाय. ढेकराला मार्क हायत."

लतीफभाईंनी घोटभर सोडा घेऊन जेमतेम एक ढेकर काढला.

"एवढा मोठा शेट," कोपऱ्यातून तसाच खरखरता बाईचा आवाज आला, "आन ढेकर बघा, लेकीच्या सासरी जेवल्यावानी."

ती काशीबाई. कासू गावची, पेणच्या बाजारात सुकट विकणारी. लतीफभाईंना असा राग आला, की पोटातून हवा आपोआप वर आली. "गप!"

पडवी थांबली. कित्येक महिन्यांतला तो त्यांचा पहिला शब्द होता. हाजराबींनी पदर तोंडाला लावला.

"निघाला," काशीबाई समाधानानं म्हणाली. "आता रोज शिव्या घालीन मी तुमाला."

तेव्हापासून लतीफभाईंचा रविवार रामवाडीचा झाला. कमळाकरनं निकाहाच्या वाक्याचे तुकडे पाडले, एका हवेत मावेल तेवढा एकेक. सरावाला समोर मुलगी हवी, म्हणून साठीची काशीबाई डोक्यावर पदर घेऊन नवरी व्हायची. "...तर मला... वकील... करतेस का?" इथवर लतीफभाई पोचले की ती म्हणायची, "व्हय रं बाबा, केला. पण मेहेर गिळलास. परत."

वाक्य जमलं. तरी निकाहाच्या आधीच्या रविवारी लतीफभाईंनी सोड्याची बाटली न उघडताच खाली ठेवली. मग म्हणाले, "शब्द... येतील. पण खोलीत... पोरी असतील. हसतील."

कमळाकर खोटं बोलला नाही. "हसतात. माझी नातपण पयल्यांदा हसली."

"आमाला बोलावलंय का लग्नाला?" काशीबाईनं मध्येच विचारलं. तिला तेव्हा जेवणाचंच कसं सुचलं, असं लतीफभाईंना वाटलं.

निकाहाच्या दिवशी काशीबाई सकाळीच आली आणि थेट बायकांच्या खोलीत नवरीशेजारी बसली. "पानी दे गो," तिनं एका पोरीला सांगितलं. पोरीनं ओढणी तोंडात कोंबली. काशीबाईनं मग सरबत मागितलं. पंख्याला नावं ठेवली. बाजारात सुकटीवरून घासाघीस करणाऱ्या मास्तरणीची गोष्ट साग्रसंगीत ऐकवली. खोली हसून लोळली. हसून दमल्यावर पोरी जवळ सरकल्या आणि हा आवाज येतो कुठून, ते विचारू लागल्या. काशीबाईनं मानेवरचं फडकं उचलून दाखवलं. मग कुणी हसलं नाही. तिनं आणखी एक विनोद करून बघितला, तोही वाया गेला. तेव्हा कुठं ती भिंतीला टेकून बसली.

लतीफभाई साक्षीदारांना घेऊन आत आले. "रिझ...वाना," ते म्हणाले. खोलीतलं हसू सगळं आधीच खर्ची पडलेलं. नवऱ्याच्या नावापाशी हवा संपली. ते थांबले, शांतपणे हवा गिळली. पोरी थांबल्या. मेहेरचा आकडा एका दमात आला. "तर मला... वकील... करतेस का?"

काशीबाईचं तोंड सवयीनं उघडलं. हाजराबींनी वेळेवर तिच्या मांडीला चिमटा काढला.

"हो अब्बा," रिझवाना म्हणाली. "तुम्हालाच."

लतीफभाईंना तेव्हा काशीबाई दिसली, आणि तिनं लग्नाचं आमंत्रण का मागून घेतलं होतं तेही समजलं. त्यांनी छातीला हात लावला. काशीबाईनं हातानंच हुसकावलं: जा, काझी खोळंबलेत.

मांडवात तमीम कानाशी लागला. "दमलात भाईजान. काझींना मी सांगतो." काझीही म्हणाले, "खिडकीतून ऐकलं आम्ही. पुरे."

लतीफभाईंनी हात वर केला. हवा गिळली, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं: मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव, मेहेर, संमती, वकील मी. एकही तुकडा सोडला नाही. मांडव ऐकत राहिला.

मागच्या ओळीत रामवाडीची मंडळी बसली होती. मुरूडचे एक पाहुणे कमळाकरकडे वळले. "तुम्ही मुलीवाल्यांचे कोण?"

कमळाकरनं सावकाश हवा गिळली. समोर लतीफभाई अजून उभेच होते.

"तो वकील," कमळाकर म्हणाला, आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचा हाय."