फण्या करायला शिकलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे. जळगावात, बियाण्यांच्या दुकानावरच्या एका लहानशा कचेरीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझा पिवळा पडलेला रंग पाहून नाक मुरडू नका! जर्मनीतल्या एका दुकानातल्या चाळीस हजार सुट्या भागांची नावे माझ्या पोटात आहेत. तिथल्या गिऱ्हाइकाने नाव लिहिले की तो माल शोधून दाखवायचा, हे माझे काम. आमचे मालक भाईदासभाऊ यांनी मला आणले तेव्हा हार घातला होता. पुढे माझ्या डोक्यावर चहाचे कप आले. मी रागाने पंखा फिरवत राहिलो.

जर्मन माणसे शब्दाला शब्द चिकटवून लिहितात. पाण्याच्या पंपाच्या रबरी चकतीला त्यांचा एकच शब्द, वासरपुम्पेनडिख्टुंग! गिऱ्हाईक नुसते ‘पुम्पे’, म्हणजे पंप, एवढेच लिही आणि माल असूनही मी म्हणे, ‘सापडले नाही.’ मला फार लाज वाटे. शेवटी तिकडच्या मालकांनी कळवले, शुक्रवारपर्यंत सुधारणा करा, नाहीतर काम पुण्याला देऊ. काम गेले असते तर ते सांभाळणाऱ्या सारिकाताईंची नोकरीही गेली असती.

ताईंनी मला लहान शब्दांची यादी दिली. लांब शब्दात त्यातला एखादा दिसला की तो वेगळा काढायचा. मला तर चेवच आला! ‘मोटोर’ शब्दात मला ‘टोर’ दिसले. टोर म्हणजे फाटक. फाटक मागणाऱ्याला मी दोनशे मोटारी दाखवल्या. शिवाय तुकडे केल्यावर अख्खा शब्द मी टाकून देत होतो, म्हणून पूर्ण नाव लिहिणाराही रिकाम्या हाती परते. ताई रडकुंडीला आल्या.

गुरुवारी दुपारी त्यांच्या आई कोकिळाबाई डबा घेऊन आल्या. त्या केळीच्या शेडमध्ये घडाच्या फण्या, म्हणजे केळ्यांचे झुपके, उतरवतात. लेकीकडे बघून त्यांनी अहिराणीत विचारले,

“काय व्हयनं वं? तोंड काबरं सुकनं?”

ताईंनी सगळे सांगितले. त्या हसल्या.

“आम्ही घडन्या फण्या करतस. एक-एक केळं तोडं, त ते काळं पडी जास. आनि कोनले आख्खा घड पायजे, त तो बी ठेवतस. बठ्ठे घड नही कापतस.”

ताई ताडकन उठल्या. जर्मन लिपीतल्या चार अक्षरांहून लहान तुकडा करायचा नाही (‘टोर’ तर तीनच अक्षरांचा!) आणि अख्खा शब्दही जपायचा, असे त्यांनी मला बजावले. मग मी चाळीस हजार नावे पहिल्यापासून पुन्हा लावली.

शुक्रवारी जर्मनीतून मालकांनी ‘पुम्पे’ लिहिले. मी क्षणात पंपाचे सगळे भाग मांडले, ती रबरी चकतीसुद्धा! मग त्यांनी फाटक मागितले, तर मी फाटकेच दाखवली. उत्तर आले, काम जळगावातच राहील. भाईदासभाऊंनी भजी मागवली. कोकिळाबाईंनी मला थोपटले.

“गुनी शे रे तू!”

मित्रांनो, इतका आनंद मला हार घातला तेव्हाही झाला नव्हता.

माझे मागणे थोडे आहे. धूळ पुसत जा, नवा माल आला की त्याचे शब्द शिकवत जा. आणि एखादे काम मला जमले नाही, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ते मला कुणी शिकवले होते का, एवढे बघा.