बर्थाच्या दारावरचा पहारा

१९७८च्या सुरुवातीला फ्लूची साथ देशोदेशी हिंडत बहरीनलाही येऊन धडकली, आणि हिल्डाच्या तोंडचं पाणी पळालं. तिची भावजय बर्था कॅन्सरच्या इंजेक्शनांवर होती. त्या औषधानं अंगातली ताकद इतकी गेलेली, की साधा ताप आला तरी बाई हातची जायची. इंजेक्शन चुकवावं, तर रोग डोकं वर काढणार.

हिल्डा नर्स. तिच्या हॉस्पिटलात तर जो तो खोकत होता. म्हणून तिनं डॉक्टरांच्या मागे लागून पुढचं इंजेक्शन बर्थाला मनामा शहरातल्या तिच्या घरीच द्यायची परवानगी मिळवली आणि दारावर पहारा बसवला. सख्ख्या भावाला, बर्थाच्या नवऱ्याला, तिनं अस्कर गावात मित्राच्या खोलीवर पिटाळलं. पण तिथली त्यांची सगळी माणसं वसईची! कुणी अंथरूण धरलं की खाटेभोवती जमून जपमाळ म्हणणार, कपाळावर क्रूस काढणार, पापे घेणार. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्यातलीच ग्रेसी सगळ्या बायकांना घेऊन हजर. हिल्डानं त्यांना जिन्यातच फैलावर घेतलं. ग्रेसीचं तोंड एवढंसं झालं, पण ती हटली नाही. जपमाळ तिथंच पायऱ्यांवर झाली.

इंजेक्शनच्या दिवशी सुई उकळून तयार होती आणि खोलीत शिरता शिरता हिल्डाचा घसा खवखवला. ती दारातच थबकली. सगळ्यांना हाकललं आपण, आणि रोज तापाच्या वॉर्डातून उठून बर्थाच्या उशाशी कोण बसत होतं? आपणच की! अक्कल गहाण ठेवली होती का, असं स्वतःला विचारताना तिला रडूच फुटलं.

तिनं आत पाऊल टाकलं नाही. मुनीराला फोन केला. मुनीरा नवजात बाळांच्या वॉर्डातली नर्स. तिथं नुसतं शिंकलं तरी घरी पाठवत. ती तोंडाला मास्क बांधून आली, इंजेक्शन देऊन गेली. आता बर्थाची उठबस कुणी करायची? हिल्डानं मान खाली घालून ग्रेसीला बोलावलं. ग्रेसी आली, तिनं साबणानं हात धुतले आणि पहिलं काय केलं, तर हिल्डालाच जिना उतरायला लावला.

रात्री हिल्डाला सणकून ताप भरला. तिला स्वतःची फिकीर नव्हती. बर्थाला लागण झाली असेल, याच धास्तीनं ती आठवडाभर तळमळली. मग एका सकाळी फोन वाजला. पलीकडे बर्था. ताप नाही, खोकला नाही, रक्ताचा रिपोर्टही चांगला आलेला.

"बाय, तू नीट बरी हो, मगच ये," बर्था म्हणाली. "घाई करू नकोस. मी आहे इथंच."