उरलेल्या कामाचा आकडा

“आता अडकेल बघा,” रक्तपेढीतली ताई म्हणाली आणि तिने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. उद्या कुणी म्हणायला नको, हिनेच काहीतरी दाबलं म्हणून.

पडदा अडकला नाही.

“तुमच्यासमोर कशाला अडकतोय! तुम्हाला घाबरतो तो. मी एकटी असले की दाखवतो रंग.”

मशीनबाई हसल्या नाहीत. रुग्णालयातल्या यच्चयावत संगणकांना माहिती पुरवणारा मुख्य सर्व्हर त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या, आणि त्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. मांडीवरच्या लॅपटॉपवर त्यांनी काही आकडे लावून ठेवले होते. त्याकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, “थांबू या थोडं.”

असं शेजारी बसून थांबण्याचा हा तिसरा दिवस होता. बारा दिवसांपूर्वी शस्त्रक्रियागृहातून रक्ताची पिशवी मागवली गेली, तेव्हा ताईच्या पडद्यावर पिशवीची नोंद उघडेना. नोंद तपासल्याशिवाय पिशवी द्यायची नाही, हा नियम. पिशवी अकरा मिनिटं उशिरा गेली. रोगी वाचला, पण चौकशी लागली. ताई सांगत राहिली, पडदा गोठला होता. चौकशी समितीने मशीनबाईंना लेखी विचारलं. त्यांनी त्या दिवसाचा मेमरीचा आलेख काढला. रेघ सरळ होती. ‘सर्व्हरमध्ये दोष आढळला नाही,’ असं लिहून त्यांनी खाली सही केली. त्या एका ओळीवर ताईची नोकरी जाणार होती. समिती उद्या बसणार होती.

ताई भांडली नव्हती. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली होती, “बाई, एकदा माझ्या शेजारी बसून बघाल?” त्या वाक्याने मशीनबाईंची झोप उडाली. आलेख पुन्हा काढला तेव्हा त्यांना आपली चूक दिसली. मेमरी किती भरली आहे एवढंच तो सांगत होता. ती तर नेहमीच भरलेली असते. कशाने भरली आहे, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा कोड वाचायला घेतला. बावीस वर्षं ज्याच्या जिवावर काढली, ते आतून कधी उघडून पाहिलं नव्हतं.

एकदा शोधलेल्या फायलीचा पत्ता मशीन मेमरीत जपून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी डिस्क धुंडाळावी लागत नाही. रक्तपेढीचे असे लाखो पत्ते होते, एकेका पिशवीचा एकेक. एक्स-रे विभागाचे वेगळे, औषध भांडाराचे वेगळे. जागा कमी पडली की गाभा प्रत्येक विभागाच्या दारात जातो आणि काही पत्ते टाकून द्यायला सांगतो. ज्याच्याकडे ढीग आहे त्याने जास्त टाकायचे, ज्याच्याकडे मूठभर आहेत त्याने चिमूटभर. अलीकडेच वापरलेल्या पत्त्याला एकदा माफी. आणि ज्याच्यासाठी जागा हवी तो विभागच जर फायलींच्या कामात गुंतलेला असेल, तर तेव्हा कुणावरही जबरदस्ती नाही, नाहीतर दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतील. तेवढं काम पुढे ढकलायचं आणि ज्याचे पत्ते टाकायचे राहिले त्या विभागाच्या नावावर त्याचा आकडा लिहून ठेवायचा.

हे वाचताना मशीनबाईंना कित्येकदा थांबावं लागलं. कुठल्या तरी खोल्यांमध्ये, कधीही न भेटलेल्या माणसांनी बसून हा विचार केला होता की सगळ्यात लहान विभागावर अन्याय होता कामा नये. ज्या इमारतीत साधी खुर्ची मिळवायची तर तीन साहेबांच्या पाया पडावं लागतं, त्याच इमारतीच्या तळघरात एका सेकंदात शेकडो वेळा ही वाटणी होत होती. बोभाटा न करता.

“बाई,” लॅपटॉपकडे बघत ताई हळूच म्हणाली. “तुमचा आकडा पळतोय.”

रक्तपेढीच्या नावावरचं उरलेलं काम चाळीस हजारांवर होतं. बघता बघता ते दोन लाखांवर गेलं, मग नऊ लाखांवर. एक्स-रे विभाग सकाळच्या फिल्म साठवत होता. त्या घाईत तो सारखी जागा मागत होता. दर वेळी ‘आत्ता नको’ होत होतं, आणि दर वेळी रक्तपेढीच्या नावावर भर पडत होती. या आकड्याला कमाल मर्यादाच नव्हती. एवढा न्याय करणाऱ्यांच्या हातून तेवढं राहून गेलं होतं.

मग गाभ्याचाच मेमरी झाडणारा रोजचा सफाईवाला आला. तो फायलींच्या कामात गुंतलेला नव्हता. त्याने साठलेलं सगळं काम एका दमात उरकलं. रक्तपेढीचे लाखो पत्ते दोन सेकंदांत शून्यावर आले. आता प्रत्येक नोंद पुन्हा डिस्कवर धुंडाळावी लागणार होती.

ताईचा पडदा गोठला.

“हात मांडीवरच राहू द्या,” मशीनबाई म्हणाल्या. “हे तुम्ही केलेलं नाही. कुणीच केलेलं नाही. दुसऱ्यांच्या घाईचं काम तुमच्या नावावर साठत गेलं.”

ताईने डोळे पुसले आणि मग म्हणाली, “म्हणजे मी खोटारडी नाही, हे कुठेतरी आकड्यात आहे तर.”

दुसऱ्या दिवशी समितीत बसलेल्या मोठ्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. “बाई, तुम्हीच लिहून दिलंय की, दोष नाही म्हणून.”

“चुकीचं लिहिलं. मी नीट पाहिलं नव्हतं. एक्स-रेच्या घाईने रक्तपेढीचे पत्ते पुसले गेले.”

“आणि एक्स-रेचा साठा याच सर्व्हरवर आणायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?”

तोंडी हुकूम साहेबांचाच होता. मशीनबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. “सांगणाऱ्याने सांगितलं. पण चालेल असं मी म्हटलं. तेव्हाही सही माझीच होती.”

ताई कामावर राहिली. गाभ्याच्या नव्या आवृत्तीत त्या आकड्याला मर्यादा घातलेली निघाली. ती आवृत्ती मशीनबाईंनी आपल्या हाताने बसवली. त्याच आठवड्यात त्यांची बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली.

शेवटच्या दिवशी किल्ल्या नव्या इंजिनिअरच्या हाती देऊन झाल्या, तरी त्या सर्व्हरपुढे उभ्याच होत्या. पडद्यावर रक्तपेढीचा आकडा थोडा चढत होता, थोडा उतरत होता. एक्स-रेचे पुष्कळ पत्ते जात होते, औषधांचे जेमतेम दोन.

“काही बिघडलंय का, मॅडम?” इंजिनिअरने विचारलं.

“नाही हो. बघतेय फक्त.”

दार ढकलून ताई आत आली. तिनेही पडद्याकडे पाहिलं. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण ती मशीनबाईंच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, त्यांचं बघून होईपर्यंत उभी राहिली.