खातेदार मसोबा यांचं म्हणणं

ते पत्र शेषरावांना रोज आठवायचं, बहुतेक दात घासताना. सहा वर्षं उलटली होती आणि उत्तर काही लिहून झालं नव्हतं. खरं म्हणजे पत्र त्यांना आलेलंच नव्हतं. पाकिटावर नाव होतं : श्री. मसोबा देव, राहणार खैरदरा.

पोस्टमन रामजीनं ते आधी डोंगरावर नेलं होतं. शेंदूर फासलेल्या दगडापुढं घडीभर उभा राहिला आणि खाली उतरला. "सही कोन करल, गुरुजी? तुमीच ठिवा." गोरेगावच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून जन्म काढलेले शेषराव नुकतेच निवृत्त झाले होते. गावात कुठलाही छापील कागद आला की तो त्यांच्याकडं यायचा, मग तो खताच्या पिशवीवरचा का असेना.

परभणीच्या जिल्हा कचेरीचं ते पत्र सरळ होतं. निजामाच्या अमदानीत कुण्या जहागीरदारानं अख्खा डोंगर मसोबाच्या नावानं करून दिलेला, आणि सातबाऱ्यावर अजून तेच नाव. आता त्या डोंगरात रंगाच्या कारखान्याला लागणारी पांढरी माती सापडली होती. 'आपल्या जमिनीत खाण प्रस्तावित आहे. पर्यावरण व समाज यांचा विचार करता आपली काही हरकत असल्यास लेखी कळवावे.'

शेषराव बौद्ध. ज्याला मानत नाही त्याच्या वतीनं लिहिणं त्यांना लबाडी वाटली. शिवाय आपलं लिहिणं कचेरीला चालेल का, ही धास्ती होतीच. त्यांनी पत्र एका जाड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात.

गंमत अशी झाली, की उत्तर नाही म्हणून खाण अडली. 'देवाची संमती गृहीत धरावी' असं लिहून खाली सही करायला कचेरीतला एकही साहेब धजेना. पुढं परभणीचा तुकडा पडून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. फायलींची वाटणी झाली, त्यात मसोबा हिंगोलीच्या वाट्याला आले. नव्या कचेरीनं स्मरणपत्रं धाडली. एकात विचारलं होतं : कुटुंबात माणसं किती? उपजीविकेचं साधन काय? एकास खाणीत नोकरी दिल्यास चालेल काय? शेषरावांनी 'उपजीविका : नारळ' असं पेन्सिलीनं लिहिलं आणि खोडून टाकलं.

गाव म्हणायचं, "गुरुजीनं कागद बराबर दाबून धरला." शेषराव मान खाली घालून पुढं निघून जायचे. दाबून धरायला धाडस लागतं. त्यांच्यापाशी होता तो नुसता संकोच.

मग एके सकाळी जीप आली. विश्वंभर नावाचा तरुण अधिकारी उतरला आणि खातेदारांना समक्ष भेटायचं म्हणाला. शेषराव त्याला डोंगरावर घेऊन गेले. तिथं गावातल्या म्हाताऱ्या रुख्मिणीबाई दिवाबत्ती करत होत्या.

"मसोबा कोण?" त्यानं विचारलं.

"हेच की," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "जोडे काढा, सायब."

त्यानं जोडे काढले. फाईल छातीशी धरून दगडाला थोडक्यात विषय सांगितला. सवयीनं उत्तराची वाटही पाहिली.

"बोलत न्हाईत ते. अमावास्येला पेमाच्या अंगात येऊन बोलतेत. पर पेमा ऊस तोडायला गेला."

"कधी येईल?"

"साखर कारखाना बंद झाल्यावर."

विश्वंभरनं कपाळ चोळलं. "आजी, मला माझ्या साहेबांना तोंड द्यायचंय. आठवड्याभरात यांचं म्हणणं आणि हयातीचा दाखला आला नाही, तर यांना 'सापडत नाहीत' या रकान्यात टाकतील. बेपत्ता खातेदाराची हरकत धरत नाहीत. खाण सुरू."

"समोर बसलेत की."

"ते मला दिसतंय. कचेरीला दिसायला पाहिजे. यांच्या वतीनं लिहील असं कुणी?"

रुख्मिणीबाईंनी शेषरावांकडं बोट केलं.

"मी तर यांना मानत नाही, बाई."

"म्हणून तर. आमी लिहिलं तर भिऊन गोड गोड लिहू. तुमाला देवाचं भेव न्हाई." मग साहेबाकडं वळून म्हणाल्या, "कागदाला भितेत तेवढं."

घरी येऊन शेषराव कोऱ्या कागदापुढं बसले. देव स्वतःला 'मी' म्हणेल की 'आम्ही'? खाली 'आपला नम्र' लिहील का? दिवस कलला तरी कागदावर तारीखच होती.

"काहून डोकं धरून बसलात?" त्यांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, चहा ठेवला.

"देव हयात आहे, असा दाखला कोण देतं?"

"मला काय माहीत? मला सासूबाई माहीत." त्या पदराला हात पुसत उंबऱ्यावर टेकल्या. "गावची हीर आपल्याला बंद होती तवा त्या डोंगराच्या झऱ्यावर जायच्या. म्हनायच्या, ह्या पान्यानं कधी जात इचारली न्हाई. आजबी अख्खं गाव तेच पिऊन राहिलं. डोंगर फोडला तर ते कुठं जाईन? देवाचं ऱ्हाऊ द्या. झऱ्याचं लिवा."

शेषरावांनी चहा प्यायला. मग एका दमात लिहिलं :

'महोदय, आपलं पत्र मिळालं. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. खातेदार हयात आहेत की नाहीत, याबद्दल माझं आणि गावाचं एकमत नाही. झरा हयात आहे, याबद्दल आहे. गावची विहीर आम्हाला बंद होती तेव्हा माझ्या आईनं त्याचं पाणी भरलं. डोंगर खणला तर झरा जाईल. माणसांना दुसरीकडं वसवता येतं, झऱ्याला येत नाही. म्हणून खातेदारांची या खाणीस हरकत आहे. खातेदार नसतील, तर माझी आहे.'

दुसऱ्या दिवशी ते भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गोरेगावला गेले. पोस्टातल्या बाबूनं पाकीट तोललं, पण मान वर केली नाही.

"पाठवणाऱ्याचं नाव न्हाई लिहिलं. रजिस्टरला लागतं."

शेषरावांनी मागं वळून पाहिलं. मागं रांग होती. रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

"मसोबा देव," ते म्हणाले. "द्वारा शेषराव. दोन्ही लिहा."

"गाव?"

"दोघांचंही खैरदरा."

बाबूनं लिहिलं, शिक्का मारला, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.