बीव्हरच्या ओढ्यावरची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पॉपलरच्या एकाच खोडातून कोरलेली, दोन माणसं आणि त्यांचं सामान पेलेल एवढी. म्हातारपणी शहाणपण येतं, असं माणसं म्हणतात. होड्यांचं तसं नसावं. मी पाहिलं पुष्कळ, पण त्यातलं कळलं किती, हे मलाच सांगता येणार नाही.

मला इसिदोरने घडवलं. खोड कोरून झाल्यावर त्याने माझ्या पोटात पाणी भरलं आणि त्यात तापलेले दगड सोडले. लाकूड वाफेने मऊ झालं, तशा माझ्या बाजू त्याने आडव्या काठ्या ठोकून हळूहळू फाकवल्या. त्याची लेक सेलेस्तीन जाळ सारत बसली होती. "बाबा, होडी करताय की रस्सा शिजवताय?" असं ती म्हणाली, ते मला अजून आठवतं. माझ्याबद्दल बोललेले ते पहिले शब्द.

तळ्याचा उत्तरेकडचा काठ, मागची टेकडी आणि तिच्यावरून उतरणारा ओढा ही इसिदोरच्या घराण्याची कियो. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या आम्हा डाकेल लोकांत, एखाद्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या रानाला कियो म्हणतात. मला वाटायचं, रान त्याचं आहे तर तो हवं तेव्हा हवं ते घेईल. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला.

तळ्यावरचा बर्फ फुटला की बापलेक मला ओढ्याच्या तोंडाशी नेत. सेलेस्तीनच्या पायाशी सापळे असत. ओढ्यात बीव्हरांनी, म्हणजे झाडं कुरतडून पाण्याला बांध घालणाऱ्या प्राण्यांनी, काटक्या-चिखलाची घरं बांधलेली, भोवती नुकत्याच सोललेल्या फांद्या तरंगत असलेल्या. इसिदोर वल्हं थांबवायचा, बराच वेळ नुसता बघत राहायचा आणि मला माघारी वळवायचा. "यंदा नको," एवढंच म्हणायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. घरी रोज मासे. सेलेस्तीन तर म्हणायची, आता मलाच खवले फुटतील.

मग एका उन्हाळ्यात तळ्याच्या दक्षिणेला वणवा लागला. तिकडे बाझिलची कियो होती, ती जळून काळी झाली. बाझिल काठाकाठाने चालत इसिदोरच्या दारात आला. चहा प्याला, वाऱ्यापावसाबद्दल बोलला, आपल्या कुत्र्याबद्दल बोलला. उठता उठता त्याने खाली बघत विचारलं, की या हिवाळ्यापुरतं ओढ्यावर सापळे लावू का. इसिदोरने हो म्हटलं. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या बीव्हरांच्या घरांना हात लावू नकोस, एवढीच अट घातली. वर मलाही त्याच्या हवाली केलं.

सेलेस्तीनने बाझिलला वळणाआड जाऊ दिलं. मग म्हणाली, "पोटच्या लेकीला नाही, आणि त्याला हो?"

"तुला नाही म्हटलं," इसिदोर म्हणाला, "म्हणून तर आज त्याला हो म्हणता आलं."

सेलेस्तीन पाय आपटत आत गेली. मला तर दोघांचंही पटलं, आणि दोघांचंही पटलं नाही. पण एक खरं, की बाझिलला जे काही मिळे, त्यातला बीव्हरच्या शेपटीचा, म्हणजे सगळ्यात चवदार भाग तो आधी इसिदोरच्या दारात ठेवी. सेलेस्तीन नाक मुरडत तो घेई आणि चवीने खाई.

बाझिलचं रान काही लवकर सावरलं नाही. तो दरवर्षी येऊन विचारत राहिला आणि इसिदोर हो म्हणत राहिला. मग एका शरदात इसिदोरच्या छातीचं दुखणं वाढलं. त्याला दूरच्या गावी दवाखान्यात नेलं. सेलेस्तीन तळ्यापलीकडच्या वस्तीत निरोपाची वाट बघत थांबली. ओढ्यावर बाझिल आणि मी, दोघेच.

तेव्हा ती माणसं आली. लाकूडतोडीसाठी रस्ता काढायचा म्हणून ती झाडांना रंगीत फिती बांधत चालली होती. ओढ्याकाठी त्यांना बाझिल दिसला. त्यांच्या मुकादमाने विचारलं, हे रान तुमचं का, इथून रस्ता नेला तर चालेल का. चालत असेल तर तुम्हाला कामावर घेऊ, म्हणाला. बाझिलची पिठाची पिशवी मी सकाळीच पाहिली होती, तळाशी गेलेली. मी मनात म्हणत होते, हो म्हण, बाबा, हो म्हण. कोण ऐकतंय इथे?

बाझिलने हातातला सापळा खाली ठेवला.

"मी इथला पाहुणा आहे," तो म्हणाला. "जिला विचारायचं ती पलीकडे आहे. मी तिला घेऊन येतो. तोवर इथली काटकीसुद्धा हलवू नका."

ती माणसं हसली. परवानगी सरकारकडून केव्हाच मिळाली आहे, आम्ही आपलं रीत म्हणून विचारलं, असं मुकादम म्हणाला. परवानगी होती तर विचारलं कशाला? आणि विचारलं, तर उत्तर ऐकून हसले कशाला? मला काही कळेना.

बाझिलने मला पाण्यात लोटलं. वारा समोरचा होता आणि काठाजवळ बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. त्याच्या कडा माझ्या पुढच्या टोकाला करवतीसारख्या घासत होत्या. पलीकडे पोचता पोचता एका खडकावर आदळून मला तळापर्यंत चीर गेली. बाझिलने अंगातला सदरा काढून चिरेत कोंबला. एका हाताने डब्याने पाणी उपसत, दुसऱ्या हाताने वल्हवत त्याने मला किनाऱ्याला लावलं.

सेलेस्तीन काठावरच उभी होती. बाप गेल्याचा निरोप तिला नुकताच मिळाला होता. बाझिलने आधी तिला रडू दिलं, मग फितींचं सांगितलं. ती कोणाच्या तरी मोटारबोटीतून त्याच्याबरोबर गेली.

तिकडे काय घडलं ते मी नंतर ऐकलं. तिने त्या माणसांना दिवसभर ओढ्याच्या कडेने फिरवलं. बीव्हरांचे बांध दाखवले, कुठली दरड दरवर्षी सुटते ते दाखवलं, बाप जिथे गवत जाळून रानफळांची झुडपं पुन्हा फुलवायचा ती जागा दाखवली. ते पाहून त्यांनी आखणी बदलली. उन्हाळ्यात रस्ता झाला, पण टेकडीच्या मागून. ओढा वाचला. टेकडीच्या पाठीवरची झाडं मात्र गेली. याला जिंकणं म्हणायचं की हरणं? रस्ता झाला त्या एकाच दिवशी सेलेस्तीन हसलीही आणि रडलीही, तिथे मी काय ठरवणार?

पुढे तिने सगळ्या कुळांना मोठं जेवण घातलं, भेटी वाटल्या. तिथे चारचौघांत तिला बापाचं मानाचं नाव आणि त्याबरोबर कियोही मिळाली. साक्षीला बाझिल उभा राहिला. "मी तिच्या रानात जेवलोय," तो म्हणाला. "ते कोणाचं, हे मला विचारा."

मित्रांनो, माझी चीर काही सांधली नाही. मी काठावरच राहिले. माझ्यात पावसाचं पाणी साचू लागलं, गवत उगवलं, तळ भुसभुशीत झाला. सेलेस्तीनची नातवंडं माझ्यात बसून खेळत. परवा ती माझ्यावरून भांडत होती. सेलेस्तीन काठी टेकत आली.

"कोणाची आहे ही होडी?" तिने विचारलं.

"माझी!" सगळी एकदम ओरडली.

"मग अजून पालथी का नाही घातली? लाकूड कुजतंय."

मग एकीने माझ्यातलं गवत उपटायला घेतलं. बाकीच्यांनी खांदे लावले आणि धापा टाकत, एकमेकांना दटावत मला उलटं केलं. आता मला तळं दिसत नाही, आभाळ दिसत नाही, नाकासमोर फक्त माती आहे. पण पाठीवर पडलेला पाऊस ओघळून खाली जातो, आणि आतून मी हळूहळू वाळते आहे.