नाव न घेता

“मी नाव घेणार नाही,” पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, आणि तरी बघता बघता चर्चमधल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या.

त्या वाक्यापर्यंत माझं संदेशाकडे लक्षच नव्हतं. आठवडाभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसून खांदे भरून आलेले असतात, रविवारी बाकावर टेकलं की माझा डोळा लागतो. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, पण कान तिखट आहेत.

“आपल्यातलीच एक भगिनी,” पाळकसाहेब सांगत होते. “नवरा तरुण, धडधाकट. लिफ्ट दुरुस्त करायचा. लोकांना वर पोचवणारा माणूस! आणि स्वतः?” इथे ते थांबले. कुठे थांबायचं ते त्यांना छान कळतं. “अटॅक आला म्हणून सगळ्यांना सांगितलं. पण देवाला फसवता येत नाही. त्याने आपल्या हाताने जीव दिला. आणि जो आपल्या हाताने जीव देतो, तो स्वर्गाचं दार आपल्याच हाताने लावून घेतो!”

म्हणे नाव घेणार नाही! अख्ख्या मंडळीत लिफ्टचा मेकॅनिक होता एक. अजून काय सांगायचं बाकी ठेवलं होतं, चपलेचा नंबर?

मला वाटलं, सासूबाई माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. मांडीवरचं पवित्र शास्त्र मिटलं, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत राहिल्या. शेवटच्या गीताला सगळे उठले, त्या उठल्या नाहीत. मीही नाही उठले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, “खरं का गं?”

“हो, आई.”

“तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “एकटीने वागवलंस गं पोरी एवढं.” मला वाटलं होतं शिव्या घालतील, निदान रडतील तरी. त्या हातानेच माझा बांध फुटला. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

झालं होतं ते असं. सासूबाई तेव्हा नणंदेकडे होत्या. कामावरून आले तर हे पलंगावर होते, आणि हाक मारायची वेळ निघून गेली होती. का केलं ते मला आजही माहीत नाही. माणूस हसरा होता हो. आदल्या दिवशी आमच्या मिक्सरचं बटण दुरुस्त करून ठेवलं होतं. आता सत्तर वर्षांच्या आईला हे कोणत्या तोंडाने सांगणार? हृदय बंद पडलं म्हटलं. तसं ते खोटंही नव्हतं, शेवटी सगळ्यांचंच हृदय बंद पडतं.

खरं काय ते हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना आणि पोलिसांना माहीत होतं, आणि मला. पण एवढं पोटात ठेवून मला श्वास घेता येईना. मातीच्या आदल्या संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. विचारलं, “प्रभू त्यांना जवळ घेईल ना?” त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “घेतलं आहेच, ताई,” म्हणाले. “आणि हे तुमच्या-माझ्यात राहील.” दुसऱ्या दिवशी कबरीपाशी सगळ्यांदेखत म्हणाले, “आपला बंधू आज प्रभूच्या कुशीत आहे.”

त्या एका वाक्यावर सासूबाई जगत होत्या. अतिशयोक्ती नाही करत. जेवताना, केस विंचरताना, अगदी भाजी निवडताना एकच. “बाबू वाट बघत असेल माझी. वर गेले ना की आधी त्याचा कान धरते बघ. माझ्या आधी गेलास काय रे, मेल्या!” आणि हसायच्या. मुलगा परगावी नोकरीला असावा आणि आपली गाडी तेवढी सुटायची राहिलीय, असं त्यांचं चाललं होतं.

त्या रविवारनंतर ते बंद झालं. जेवायला बसल्या की ताटाकडे बघत राहायच्या. एकदा मी पोळ्या लाटत असताना म्हणाल्या, “मग तो आता आहे कुठे?” माझं लाटणं तिथेच थांबलं. मी म्हटलं, “प्रभूजवळच आहेत, आई.”

“तुझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे? तू काय शिकलीस त्यातलं? त्यांना विचारून ये.”

म्हणून मी गेले. मला पाळकसाहेबांची नोकरी घालवायची नव्हती, की माफीचं नाटक नको होतं. मला त्यांच्या तोंडून एक गोष्ट वदवून घ्यायची होती, त्याच जागेवरून, जिथून त्यांनी माझ्या नवऱ्याला नरकात पाठवलं होतं.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची सभा उपासनेनंतर मागच्या खोलीत भरते. जुन्या चटया, तुटका ऑर्गन, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पंचांत एक रिटायर्ड हेडमास्तरीणबाई आहेत, त्यांच्या आवाजाला सगळी शाळा टरकायची. एक टायरचा दुकानदार आहे, त्याचं लक्ष कायम मोबाइलमध्ये. आणि सेक्रेटरी. सेक्रेटरींना आम्ही घरात झाकणकाका म्हणायचो. नाव माझ्या नवऱ्यानेच ठेवलेलं. कुठलाही विषय तापून उतू जायला आला की हे वरून झाकण ठेवणार.

“ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,” झाकणकाका म्हणाले.

“भावना राहू द्या. मी विश्वासाने सांगितलेली गोष्ट यांनी भर चर्चमध्ये का सांगितली?”

पाळकसाहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज मऊ आहे, मान्य करायला हवं. “ताई, मी नाव घेतलं नाही.”

“लिफ्ट घेतलीत की!”

टायरवाला खुदकन हसला आणि लगेच खोकला.

“तरुण मुलं भरकटतायत,” पाळकसाहेब म्हणाले. “त्यांना सावध करायला देवाने मला ते वचन सांगायला दिलं. मी मंडळीचा नोकर नाही, ताई, देवाचा सेवक आहे. जाब मी त्याला देईन.”

“त्याला काय द्यायचा तो द्या. पण देव काही माझ्या सासूबाईंच्या उशाशी येऊन बसणार नाही. तुम्हाला यावं लागेल.” मी खुर्ची त्यांच्या समोर ओढली. “माझा एकच प्रश्न आहे. कबरीवर तुम्ही म्हणालात, प्रभूच्या कुशीत आहे. तेव्हा सगळं माहीत होतं तुम्हाला. परवा म्हणालात, दार बंद. तेव्हा खोटं बोललात, की परवा?”

टायरवाल्याने मोबाइल उलटा ठेवला. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांना इतकी वर्षं ऐकतेय, त्यांना शब्द सापडला नाही असं पहिल्यांदा बघितलं. हेडमास्तरीणबाईंनी पर्स खाली ठेवली. “प्रश्न रास्त आहे,” त्या म्हणाल्या. “पाळकसाहेब, याचं उत्तर तुम्ही—”

“आपण प्रार्थना करू या,” झाकणकाका म्हणाले.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्यात “प्रार्थना करू या” म्हटलं की सगळे डोळे मिटतात. हातात चहाचा कप असला तरी, भांडण गळ्याशी आलेलं असलं तरी. आणि प्रार्थना होऊन गेल्यावर तो विषय पुन्हा काढायचा नाही, काढला तर देवाचा शब्द मोडल्यासारखं होतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलं मी कधी बघितलं नाही. मीही डोळे मिटले. काय करणार, हाडात मुरलेलं असतं ते.

“हे दयाळू पित्या,” झाकणकाका सुरू झाले, “आमच्या या दुखावलेल्या भगिनीच्या मनातली कटुता काढून टाक. सैतान तिच्या दुःखाचा उपयोग करून मंडळीत फूट पाडू पाहतोय. तुझ्या सेवकाला बळ दे. तिला क्षमा करायला शिकव...”

मी ऐकत होते. प्रत्येक वाक्याला मला ओरडायचं होतं, पण प्रार्थनेत कोण ओरडतं? मनात जुळवत होते, संपली की काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. “येशूच्या नावाने मागतो,” ते म्हणाले, आणि सगळे म्हणाले, आमेन.

मीही म्हणाले. देवाशपथ सांगते, मला म्हणायचं नव्हतं. पाळण्यात होते तेव्हापासून जे तोंडातून निघतंय ते निघून गेलं. तेही चांगलं खणखणीत.

मी डोळे उघडले तोवर झाकणकाका उभे राहून हसत होते. “प्रभूची स्तुती असो! ताईंनीही आमेन म्हटलं. विषय मिटला.”

“अहो, मिटला कसा? यांनी उत्तर दिलं कुठे?”

“ताई,” पाळकसाहेब फार प्रेमाने म्हणाले, “आत्ताच प्रार्थना झाली ना?” खुर्च्या सरकल्या. टायरवाल्याने मोबाइल कानाला लावला. नळापाशी हेडमास्तरीणबाई माझ्या मागोमाग आल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “तुझं बरोबर होतं गं.”

“मग आत बोलायचं होतंत, बाई.”

“बोलणार होते. पण प्रार्थना झाली ना मध्येच.”

एवढी करडी बाई, तोंड इतकंसं झालं होतं. मला त्यांचा रागही येईना. मी काय वेगळं केलं होतं?

घरी सासूबाई आडव्या पडून वाट बघत होत्या. “काय म्हणाले?”

खोटं बोलावंसं वाटलं. सांगावं, ते म्हणाले, मी चुकलो, तुमचा बाबू कुशीतच आहे. जिभेवर आलं होतं. पण एकदा खोटं बोलून त्याचं काय झालं ते दोघी भोगत होतो. “काही नाही म्हणाले, आई,” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली.

पुढे त्यांनी अंथरूणच धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. कशाने खंगतायत ते मला माहीत होतं, पण त्यावर गोळी लिहून देता येत नाही. चर्चला येऊ न शकणाऱ्यांना पाळक घरी येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, देतात, तसे एका दुपारी पाळकसाहेब आले. काहीच झालं नसल्यासारखे. स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला, चिमुकला प्याला मांडला, भाकरीचा तुकडा काढला. मी दाराला टेकून उभी राहिले. हाकलून द्यावं असं शंभरदा वाटलं. पण सासूबाईंनी आयुष्यात एकदाही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही. त्यांचं मी कसं तोडू?

पाळकसाहेबांनी शास्त्रातलं वचन वाचलं आणि तुकडा त्यांच्या ओठांशी नेला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

“आई, घ्या,” ते म्हणाले. “हे सार्वकालिक जीवनासाठी आहे.”

सासूबाईंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. “माझा बाबू जिथे आहे ना, तिथे मला जायचंय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “लहानपणापासून अंधाराला भितो तो. एकटा कसा राहील?”

पाळकसाहेबांचा हात तसाच राहिला. “आई, असं बोलू नये. ते... ते देवाच्या हातात आहे.”

“तुम्ही सांगितलंत ना कुठे आहे ते. चर्चमध्ये सगळ्यांनी ऐकलं.”

ते माझ्याकडे बघायला लागले. मी काही तरी म्हणावं, सोडवावं, अशा डोळ्यांनी. त्यांना तेव्हाही बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, आई, मी चुकलो. ऐकणाऱ्या आम्ही दोघीच होतो. त्यांनी तुकडा परत डबीत ठेवला, प्याला पुसला, रुमालाची घडी घातली.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला म्हणाल्या, “सूनबाई, पाळकसाहेबांना चहा कर. उन्हातून आलेत.”

मी चहा केला. ते खुर्चीत बसले आणि कप रिकामा होईपर्यंत प्यायले.