हळदच असेल

तीन महिने होईपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं, त्यामुळे आकांक्षाला दिवस गेल्याचं फक्त अर्ध्या कुरुंदा गावाला ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्याला तिची सासू मनकर्णाबाई अजून भेटली नव्हती, एवढंच.

हळद उकडून झाली होती आणि घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीवर वाळत पडली होती. या दिवसांत त्या घरात पिवळं नसलेलं काही सापडत नसे. कपाचा कान पिवळा, मोबाइल पिवळा, उशीची खोळ पिवळी. हळदीची आणखी एक खोड आहे. तिच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. नवी सून पहिल्यांदा बघते तेव्हा दचकते, आणि घरातल्या जुन्या बायका तिची मनसोक्त थट्टा करतात.

म्हणून त्या सकाळी परकर धुताना हाताखाली लाल दिसलं तेव्हा आकांक्षानं आधी तेच धरलं. काल दुपारभर ती ताडपत्रीवर बसून हळद निवडत होती. हळदच असेल. दुसऱ्या दिवशी साबण लागायच्या आधीच डाग दिसला. साबणाशिवाय हळद लाल होत नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी ती मनाशी म्हणत राहिली, हळदच असेल. माणूस दुसऱ्याला फसवताना निदान थोडं लाजतं, स्वतःला फसवताना तेवढंही नाही.

सांगायचं म्हटलं तर घरात माणसं होती. नवरा शिवशंकर जीव लावणारा होता. पण त्याला सांगणं म्हणजे मोटारसायकलवर बसून वसमतच्या दवाखान्यात जाणं, आणि त्या रस्त्याची तिला धडकी भरली होती. मागच्या वर्षी, याच हळदीच्या दिवसांत, असाच एक थेंब दिसल्यावर तिनं लगेच सांगितलं होतं. शिवशंकरनं तिला लगेच गाडीवर घातलं होतं. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, आणि परत आल्यावर त्याच संध्याकाळी घरच्या न्हाणीत सगळं वाहून गेलं. मनकर्णाबाईंनी ओसरीवर चार बायकांसमोर निकाल देऊन टाकला, "गाडीवरून नेलं, तिथंच घात झाला." दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा हळदीला लागले. नाव नाही, सुतक नाही, कुणी भेटायला येणं नाही. पोटातच गेलेलं लेकरू आपल्याकडे मोजतच नाहीत.

आकांक्षाचं तसं झालं नाही. ते लेकरू तिच्यापुरतं न्हाणीतच राहिलं. मोरीच्या तोंडाशी ते बसलेलं असतं असं तिला वाटे. रडत नसे, काही मागत नसे, नुसतं बसलेलं. म्हणून ती अंघोळीचं कढत पाणी विसण घातल्याशिवाय कधी ओतत नसे. त्याला भाजेल. हे तिनं कुणाला सांगितलं असतं तर तिला एखाद्या देवऋष्याकडे नेलं असतं, आणि वर शहाणपण शिकवलं असतं. म्हणून ती गप्प राही आणि बादलीत एक तांब्या गार पाणी जास्त घाली.

आता रोज न्हाणीत शिरण्याआधी ती उंबऱ्याशीच थांबे. थेंब बघायची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आज तिथं दोघं बसलेली दिसली तर?

मनकर्णाबाईंनी परकर पाहिला तो दोरीवर. त्या हळद हलवून येत होत्या, येता येता थांबल्या.

"हे काय गं?"

"हळद हाय. साबण लागला," आकांक्षा म्हणाली. उत्तर तिनं कधीचं तयार ठेवलं होतं.

सासूबाई आत गेल्या, अर्धं लिंबू घेऊन आल्या आणि डागावर पिळलं. साबणानं लाल झालेली हळद आंबटाखाली पुन्हा पिवळी होते, हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मनकर्णाबाईंनी बोटानं चोळलं, थांबल्या, परत चोळलं. दोघी त्या डागाकडे बघत उभ्या राहिल्या. डाग पिवळा झाला नाही.

"कवापासून?"

"परवापासून."

"आन सांगितलं काहून न्हाई?"

तेव्हा आकांक्षाचा आवाज फुटला. "सांगितलं तर वसमतला नेताल! मागं तुमीच म्हनल्या ना, गाडीनं गेलं म्हनून. आता मी कुठंच जानार न्हाई. मी हलनार बी न्हाई."

मनकर्णाबाई ताडपत्रीच्या कडेला मटकन बसल्या. तोंडानं फटकळ बाई, पण दुष्ट नव्हती. आपलं एक वाक्य या पोरीनं वर्षभर उराशी धरून ठेवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्या शरमल्या.

"तवा कायतरी म्हनावं लागतं म्हनून म्हनले गं," त्या म्हणाल्या. "कुनावर तरी ढकलल्याबिगर जिवाला चैन पडत न्हाई. मला काय ठावं, काहून गेलं ते? ऊठ. मी येते संगं."

शिवशंकरनं शेजाऱ्याची जीप आणली. वसमतपर्यंत मनकर्णाबाईंनी सुनेचे गुडघे घट्ट धरले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला जीप चालवणाऱ्या आपल्या पोराच्या नावानं शिव्या घालत होत्या, खड्डा जणू त्यानंच खणला होता. आकांक्षानं डोळे मिटून घेतले होते. गाडी हिसकली की ती आतल्या आत म्हणे, धर, बाळा, धरून राहा.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी शिवशंकरला बाहेर थांबवलं आणि आकांक्षाला टेबलावर झोपवून विचारलं, "पहिलीच वेळ का?"

"व्हय, पहिलटकरीणच हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"न्हाई मॅडम," आकांक्षा म्हणाली. "दुसरं हाय. पहिलं मागच्या साली गेलं."

मग मनकर्णाबाईंनीच चाचरत विचारलं, "तवा गाडीवरून आनलं व्हतं हिला. त्यानंच गेलं का, मॅडम?"

"नाही हो. गाडीवर बसल्यानं असं जात नसतं. इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा मुळातच नीट घडलेलं नसतं. कुणाची चूक नसते त्यात."

कुणाची चूक नसते. आकांक्षानं ते ऐकलं, पण विश्वास ठेवायला तिला जमेना. वर्षभर जवळ बाळगलेला दोष असा एका वाक्यानं कसा खाली ठेवायचा?

मशीनच्या पडद्यावर काळ्या-करड्या ढिगात काहीतरी लुकलुकत होतं. "ठोके आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "चांगले आहेत."

"टिकेल ना?"

"आज ठोके आहेत. पुढचं आज नाही सांगता येत. अशा दिवसांत पुष्कळ बायकांना डाग दिसतो आणि सगळं नीट पार पडतं. जपा. पोटात दुखलं, रक्त वाढलं तर लगेच या, आणि आठ दिवसांनी परत दाखवा."

शिवशंकर औषधं आणायला गेला. दोघी बाहेर बाकावर बसल्या. आकांक्षाला हसावं की रडावं कळत नव्हतं. याचे ठोके आहेत म्हणाल्या डॉक्टर बाई, पण पहिल्याचे कुणी कधी पाहिलेच नव्हते, आणि घरी गेल्यावर ते लेकरू न्हाणीत असणारच होतं.

मनकर्णाबाई तिच्याजवळ सरकल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या येळचं गं... तुला काय वाटत व्हतं? पोरगं का पोरगी?"

साऱ्या वर्षात हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"पोरगी," आकांक्षा म्हणाली.

"मलाबी," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, त्या बाकावर बसून दोघी तिच्यासाठी रडल्या.